फॉर्मालिनच्या खोलीत कोणता मास्क लावावा?

एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाजगी रुग्णालयाच्या हिस्टोपॅथॉलॉजी विभागात, म्हणजे रुग्णाच्या शरीरातून काढलेले नमुने तपासतात तिथे, त्या चार वर्षांपासून तंत्रज्ञ आहेत. दहा बाय बारा फुटांच्या एकाच खोलीत ग्रॉसिंगचे, म्हणजे नमुने पाहून कापण्याचे टेबल, सिंक, फॉर्मालिनमध्ये टिकवलेल्या नमुन्यांच्या बरण्यांचे रॅक आणि नमुन्यांवर पुढची प्रक्रिया करणारे टिश्यू प्रोसेसर हे यंत्र असा सगळा संसार आहे. खोलीला एक खिडकी आहे, पण ती पावसाळाभर बंद असते. स्प्लिट एसी आहे आणि पश्चिमेच्या भिंतीत छतालगत एक एक्झॉस्ट पंखा आहे. नमुने कापताना डोळ्यांतून पाणी येते, घसा खवखवतो आणि गेल्या पावसाळ्यापासून त्यांना कोरडा खोकला लागला आहे. तिथे काम करणाऱ्या तिघींपैकी एक गरोदर आहे. व्यवस्थापनाकडे तक्रार केल्यावर एन-९५ मास्कचा खोका आला, पण त्याने काहीही फरक पडला नाही. तेव्हा आता नेमका कोणता मास्क मागावा, असे त्यांनी विचारले आहे.

विचारले आहे त्याचे उत्तर आधी देतो. एन-९५ मास्क धूळ आणि तुषार अडवतो. फॉर्मालिनमधून निघणारे फॉर्मल्डिहाइड हा वायू आहे आणि तो त्या थरांतून जसाच्या तसा आत येतो, त्यामुळे फरक पडला नाही यात नवल नाही. वायूसाठी रबराचा किंवा सिलिकॉनचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क आणि त्याला फॉर्मल्डिहाइडसाठी असे स्पष्ट छापलेली कार्ट्रिज लागतात. मात्र एवढे सांगून मी थांबलो आणि उद्या रुग्णालयाने तसे तीन मास्क आणून दिले, तर खोलीतली हवा आज आहे तशीच राहील आणि 'आता मास्क दिले ना' म्हणून आपली तक्रार तेवढी निकालात निघेल. ही भीती मला मास्क नसण्यापेक्षा मोठी वाटते. म्हणून वाफ निघते कुठून, ती आपल्या नाकापर्यंत कोणत्या वाटेने येते आणि ती वाट वळवता येईल का, हे आधी पाहू आणि मास्ककडे शेवटी येऊ.

मी लोटे-परशुराम आणि महाड इथल्या रेझिनच्या कारखान्यांत बावीस वर्षे कामगारांच्या आरोग्याचे आणि सुरक्षिततेचे काम केले. निवृत्तीनंतर कोकणातल्या काही प्रयोगशाळांना सल्ला देतो. कारखान्यात फॉर्मल्डिहाइड टँकरने येते आणि प्रयोगशाळेत कॅनने, परंतु माणसाच्या नाकासमोर येणारा आकडा टँकरवर ठरत नाही. छोट्या बंद खोलीत काम करणाऱ्या तंत्रज्ञाला, उघड्या शेडमध्ये काम करणाऱ्या कारखान्यातल्या कामगारापेक्षा जास्त वायू मिळाल्याचे मी पाहिले आहे.

असे का होते याचा एक साधा हिशेब मांडतो. बाजारात मिळणाऱ्या तीव्र फॉर्मालिनमध्ये ३७ ते ४० टक्के फॉर्मल्डिहाइड असते आणि ते टिकावे म्हणून थोडे मिथेनॉल घातलेले असते. आपण ज्याला दहा टक्के फॉर्मालिन म्हणतो ते एक भाग तीव्र फॉर्मालिन आणि नऊ भाग पाणी असते, म्हणजे त्यात प्रत्यक्ष फॉर्मल्डिहाइड सुमारे चार टक्केच असते. एका मिलीलीटरमध्ये साधारण ४० मिलीग्रॅम. आता आपली खोली दहा बाय बारा आणि उंची दहा फूट धरली, तर तिच्यात ३४ घनमीटर हवा मावते. हवेत फॉर्मल्डिहाइड १ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत एक भाग, होण्यासाठी दर घनमीटरला सुमारे सव्वा मिलीग्रॅम वायू लागतो. ३४ घनमीटरला तो ४२ मिलीग्रॅमच्या आसपास झाला. म्हणजे पातळ केलेल्या फॉर्मालिनच्या फक्त एका मिलीलीटरमधले सगळे फॉर्मल्डिहाइड हवेत गेले, तर बंद खोली १ पीपीएमला पोहोचते. द्रावणातले बरेचसे फॉर्मल्डिहाइड पाण्याशी बांधलेले राहते, त्यामुळे झाकण उघडताच सगळे उडून जात नाही. पण कटिंग बोर्डवर सांडलेले, टिश्यू पेपरने पुसून उघड्या कचरापेटीत टाकलेले आणि गॉजमध्ये भिजून दिवसभर वाळत राहिलेले मिलीलीटर मोजायला घेतले, तर दुपारपर्यंत किती होतात ते आपणच पाहा.

हा १ पीपीएमचा आकडा मी सहज निवडलेला नाही. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या दुसऱ्या अनुसूचीत फॉर्मल्डिहाइडसाठी आठ तासांच्या सरासरीची मर्यादा १ पीपीएम आणि पंधरा मिनिटांसाठी २ पीपीएम अशी दिलेली होती. रुग्णालयाची प्रयोगशाळा हा कायद्याच्या व्याख्येतला कारखाना आहे की नाही, यावर वाद घालणारे भेटतात. मी त्या वादात पडत नाही, कारण फुप्फुसांना व्याख्या कळत नाही आणि ते आकडेही आता सैल वाटतात. अमेरिकेच्या ओशा या कामगार-सुरक्षा यंत्रणेची कायदेशीर मर्यादा आठ तासांसाठी ०.७५ पीपीएम आहे. तिथल्याच औद्योगिक आरोग्यतज्ज्ञांच्या संस्थेने, एसीजीआयएचने, आठ तासांसाठी ०.१ आणि पंधरा मिनिटांसाठी ०.३ पीपीएम इतके खाली यायला सांगितले आहे. युरोपातली मर्यादा ०.३ आणि ०.६ अशी आहे. माझ्या सल्ल्यात मी ०.३ हा आकडा ग्रॉसिंगच्या वेळची कमाल मर्यादा म्हणून धरतो. वरच्या हिशेबाने त्यासाठी एका मिलीलीटरचा तिसरा हिस्सा पुरतो, म्हणजे सहा-सात थेंब.

कर्करोगाबद्दल आपण थेट विचारलेले नाही, तरी ती शंका मनात असणारच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले. तेव्हा आधार नाकामागच्या घशाच्या कर्करोगाचा होता, आणि २००९ मध्ये रक्ताच्या कर्करोगाचाही पुरावा पुरेसा मानला गेला. याचा अर्थ या खोलीत काम करणाऱ्या प्रत्येकीला तो होणार असा नाही. धोका किती, हे हवेतले प्रमाण आणि वर्षे यांवर ठरते आणि यांतले पहिले आपल्या हातात असते. डोळ्यांची आग, त्वचेवर येणारी ॲलर्जी आणि दमा हे त्रास मात्र फार लवकर दिसतात. एकदा शरीर या पदार्थाला संवेदनशील झाले की पुढे अगदी थोड्या वाफेनेही त्रास होतो, आणि मग माणसाला ते काम सोडावे लागते. आपला खोकला मी म्हणूनच हलका धरत नाही.

आता खरी अडचण अशी की नाक यात साक्षीदार म्हणून फारसे उपयोगाचे नाही. लोट्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत युरिया-फॉर्मल्डिहाइड रेझिन बनत असे आणि रिॲक्टरच्या मजल्यावर माझी दिवसातून दोनदा फेरी असे. एकदा पुण्याहून हिशेब तपासायला आलेले गृहस्थ जिन्याच्या मधल्या पायरीवरच थांबले, डोळ्यांना रुमाल लावला आणि म्हणाले, "अहो, इथे तुम्ही उभे कसे राहता?" मला खरोखरच काही जाणवत नव्हते. त्या आठवड्यात आम्ही कामगारांच्या कॉलरला हवेतला वायू टिपणारे बॅज लावून हवा मोजली, तेव्हा रिॲक्टरमधून नमुना काढण्याच्या वेळचा आकडा मर्यादेच्या बराच वर निघाला. नाकाला वासाची सवय होते आणि चार वर्षांनंतर आपले नाक आपल्याला खरे सांगणार नाही. बाहेरून पहिल्यांदाच आलेल्या माणसाला दारात उभे करून विचारावे. त्याचे उत्तर आपल्या तिघींच्या उत्तरापेक्षा विश्वासार्ह असेल.

आपल्या प्रश्नात तिघींचा उल्लेख आहे. माझा उलटा प्रश्न असा की बरण्या कोण धुते? बहुतेक ठिकाणी ते काम मावशी करतात. अहवाल देऊन झालेले नमुने काही आठवडे ठेवून मग काढून टाकायचे असतात, आणि त्या दिवशी मावशी चाळीस-पन्नास बरण्यांची झाकणे एकामागून एक उघडतात, सिंकवर वाकून फॉर्मालिन ओततात, वरून नळ सोडतात आणि नाकाला पदर लावतात. त्या अर्ध्या तासात त्यांच्या नाकासमोर जेवढी वाफ येते, तेवढी आपल्याला कदाचित दोन दिवसांच्या ग्रॉसिंगमध्ये मिळत नसेल. शिवाय त्या ज्या खोलीत हे करतात तिथेच आपण शेजारी बसलेल्या असता. मी प्रयोगशाळेत गेलो की ग्रॉसिंगच्या टेबलाआधी सिंक पाहतो आणि तंत्रज्ञांच्या आधी मावशींशी बोलतो. आपल्या किनाऱ्यावर मासळीत फॉर्मालिन घालतात अशी नुसती कुणकुण लागली तरी लोक पेटतात. २०१८ मध्ये गोव्यात यावरून केवढा गदारोळ झाला ते आठवत असेलच. पण त्याच फॉर्मालिनच्या बरण्या रिकाम्या करणाऱ्या बाईची चौकशी कोणी केल्याचे मला आठवत नाही.

ही पद्धत बदलायला पैसे जवळजवळ लागत नाहीत. जुने फॉर्मालिन सिंकमध्ये ओतायचेच नाही. रुंद नरसाळे बसवलेल्या, झाकणाच्या कॅनमध्ये ते सावकाश ओतायचे, नरसाळ्यावरही झाकण ठेवायचे आणि हे काम पुढे सांगतो त्या खोक्याच्या आत करायचे. जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मध्ये टाकून दिलेले फॉर्मालिन हे पिवळ्या वर्गातला रासायनिक द्रव कचरा म्हणून नावानिशी आलेले आहे. ते वेगळे गोळा करून प्रक्रिया केल्याशिवाय सांडपाण्यात सोडता येत नाही, तेव्हा व्यवस्थापनाशी बोलताना हा मुद्दा आपल्या बाजूचा आहे. एका दिवशी पन्नास बरण्या काढण्याऐवजी रोज आठ-दहा काढल्या तर एकाच वेळी उसळणारी वाफच खाली बसते. पुसलेले कागद आणि गॉज पायाने उघडणाऱ्या, झाकणाच्या पेटीत जावेत आणि ती पेटी रोज रिकामी व्हावी.

तीव्र फॉर्मालिन पातळ करण्याचे काम आपल्याकडे होत असेल, तर ते बंदच करावे असे माझे मत आहे. तयार, बफर घातलेले दहा टक्के फॉर्मालिन मिळते आणि लहान बायोप्सीसाठी आधीच भरलेल्या बरण्याही मिळतात. त्या महाग पडतात हे खरे, पण तीव्र कॅन उघडण्याचा सर्वांत वाईट क्षण त्यामुळे खोलीतून जातो. कॅनच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ते पॅराफॉर्मल्डिहाइड असते. तो विरघळावा म्हणून कॅन गरम करणारे मी पाहिले आहेत; तसे कधीही करू नये. फॉर्मालिनऐवजी दुसरे स्थिरक, म्हणजे नमुना टिकवणारे द्रावण, वापरता येईल का, हा प्रश्न पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांचा आहे. पुढच्या बहुतेक रंगचाचण्या फॉर्मालिन गृहीत धरूनच बसवलेल्या असल्यामुळे ते सहसा नाही म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे मला पटते. मात्र चांगला स्थिर झालेला मोठा नमुना, म्हणजे गर्भाशय किंवा स्तनाचा, कापायला घेण्यापूर्वी पाण्यात काही काळ ठेवून निथळू देण्याला डॉक्टरांची हरकत नसेल, तर तेवढ्यानेही टेबलावरची वाफ चांगलीच कमी होते.

यानंतर येते हवा, आणि माझ्या मते आपल्या खोलीचे खरे दुखणे तिथेच आहे. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो तीच हवा फिरवून थंड करतो, म्हणजे सकाळची वाफ संध्याकाळपर्यंत आपल्याच खोलीत फिरत राहते. पंखा छतालगत आहे म्हणजे हवा टेबलावरून वर जाताना आपल्या चेहऱ्यावरूनच जाणार. फॉर्मल्डिहाइड हवेपेक्षा जड असते म्हणून पंखा जमिनीलगत बसवा, असे सांगणारेही भेटतात. ते हवेपेक्षा इतके किंचित जड असते की खोलीतल्या हवेत मिसळल्यावर तो फरक उरत नाही. पंखा खाली असावा याचे कारण वेगळे आहे. वाफ नाकापर्यंत चढण्याआधीच ती टेबलाच्या पातळीवर पकडायची असते.

आपल्याकडे हवा कुठे जाते हे पाहायचे असेल तर पातळ टिश्यू पेपरची बोटभर रुंद पट्टी काडीला चिकटवा, नमुना जिथे ठेवता तिथे धरा आणि पट्टी कोणीकडे झुकते ते पाहा. उदबत्तीचा धूर याहून स्पष्ट दिसतो, पण आपल्या खोलीत झायलीन आणि अल्कोहोल ही चटकन पेट घेणारी द्रावणे असणार, तेव्हा ती सगळी भांडी बंद करून बाहेर नेल्याशिवाय उदबत्ती पेटवू नये. पट्टी आपल्या चेहऱ्याकडे झुकली किंवा एसीच्या झोताने फडफडली, तर आजवरचा पंखा फक्त आवाज करत होता असे समजा. पश्चिमेच्या भिंतीतला पंखा पावसाळ्यात समुद्राकडून येणाऱ्या वाऱ्याशी भांडत असतो आणि जोराच्या झोडीत तो वारा जिंकतो. खोकला पावसाळ्यात सुरू झाला, याच्याशी हे अगदी जुळते. खिडकी बंद, पंख्यावर उलटा वारा आणि एसी चालू.

यावर बसवून तयार मिळणारे, खालून हवा ओढणारे ग्रॉसिंग स्टेशन हा उत्तम उपाय आहे. रुग्णालय ते घेऊ शकत असेल तर पुढचा परिच्छेद वाचायची गरज नाही. बहुतेक ठिकाणी लाखांचा आकडा ऐकून विषय तिथेच थांबतो, म्हणून मी स्थानिक फॅब्रिकेटरकडून करून घेतलेली व्यवस्था सांगतो.

टेबल भिंतीला लावावे आणि त्यावर तीन बाजूंनी व वरून बंद असा ॲक्रिलिकचा खोका ठेवावा, ज्याची फक्त पुढची बाजू उघडी असेल. उघडा भाग ७५ सेंटीमीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर उंच ठेवला तर क्षेत्रफळ ०.४५ चौरस मीटर होते. त्या तोंडातून हवा सेकंदाला अर्धा मीटर वेगाने आत जायला हवी. म्हणजे तासाला सुमारे ८०० घनमीटर हवा ओढावी लागेल. न्हाणीघरात लावतो तो पात्यांचा पंखा लांब पाइपातून एवढी हवा ढकलू शकत नाही. त्यासाठी सेंट्रिफ्युगल ब्लोअर लागतो आणि पुरवठादाराला 'पाइप जोडल्यानंतर ८००' असे लिहून द्यावे लागते, नाहीतर तो मोकळ्या हवेतला आकडा दाखवून मोकळा होतो. हवा ओढणारी फट खोक्याच्या मागच्या बाजूला, टेबलालगत असावी. पाइप आठ इंची पीव्हीसीचा घ्यावा. खाऱ्या हवेत पत्र्याचा डक्ट तीन-चार पावसाळ्यांत चाळणी होतो आणि भोके पडली की वाफ छताच्या पोकळीत जमते. पाइपाचे तोंड छपराच्या वर न्यावे, वॉर्डाच्या खिडकीखाली किंवा ओपीडीच्या रांगेवर सोडू नये. जेवढी हवा बाहेर जाईल तेवढी आत यायला वाट हवी, म्हणून दाराच्या खालच्या भागात जाळी बसवावी आणि एसीचा झोत खोक्याच्या तोंडावर येणार नाही असा वळवावा. कोळशाचे फिल्टर असलेले, पाइप नसलेले हूड, म्हणजे वाफ ओढणारे खोके, विकायला कोणी आले तर मी त्याला नको म्हणतो. दमट हवेत ते फिल्टर लवकर भरतात आणि भरल्याचे डोळ्यांना कळत नाही.

थंड केलेली हवा बाहेर टाकली तर वीजबिल वाढेल, अशी हरकत व्यवस्थापन नक्की घेईल. ब्लोअर दिवसभर चालवायची गरज नाही. ग्रॉसिंग किंवा बरण्या रिकाम्या करताना तो चालवावा आणि काम संपल्यावर आणखी वीस मिनिटे चालू ठेवावा. खोलीतली हवा तासाला बारा वेळा बदलत असेल, वाफ निघणे थांबलेले असेल आणि हवा नीट मिसळत असेल, तर पंधरा मिनिटांत राहिलेल्या वायूपैकी साधारण ९५ टक्के बाहेर जातो. वीज गेली की ब्लोअर थांबतो आणि इन्व्हर्टरवर दिवे तेवढे चालतात. तेव्हा बरण्यांची झाकणे लावून बाहेर यायचे हा नियम लिहूनच लावावा, कारण "एवढा एक नमुना संपवते" असे म्हणत सगळे काम चालू ठेवतात.

इथवरचे थोडक्यात सांगायचे तर पैशाआधी सवयी: सिंकमध्ये ओतणे बंद, कचऱ्याला झाकण, तीव्र कॅन खोलीबाहेर. मग पैशाचा पहिला रुपया खोका आणि ब्लोअरवर. मास्क त्यानंतर.

मास्क मात्र त्या दोन्हींनंतरही लागतो: सांडल्यावर, बरण्या रिकाम्या करताना आणि ब्लोअर बसेपर्यंतच्या काळात रोज. अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कने डोळे उघडेच राहतात आणि आपला पहिला त्रास डोळ्यांचाच आहे, त्यामुळे त्यासोबत हवा न येणारा घट्ट गॉगल किंवा सरळ पूर्ण चेहऱ्याचा मास्क घ्यावा. प्रत्येकीचा मास्क वेगळा, मापाचा आणि नाव लिहिलेला हवा. लावल्यावर कार्ट्रिजवर तळहात ठेवून श्वास ओढला की मास्क गालांना चिकटला पाहिजे. नाही चिकटला तर तो शोभेचा. दाढी असलेल्या पुरुष सहकाऱ्यांना तो बसत नाही, हेही सांगून ठेवतो. कार्ट्रिज उघड्यावर टांगून ठेवले तर वापरले नाही तरी दमट हवेने भरत राहते. काम झाले की ते हवाबंद डब्यात जावे, उघडल्याची तारीख त्यावर लिहावी आणि उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीआधीच बदलावे. आत वास आला म्हणजे बदलायची वेळ निघून गेली आहे. गरोदरपणात किंवा दम्याच्या तक्रारीत घट्ट मास्कने श्वास घ्यायला जड जाते, त्यामुळे तो लावण्यापूर्वी डॉक्टरांना विचारणे आवश्यक आहे.

हातमोजे लॅटेक्सचे नकोत, नायट्राइलचे हवेत. फॉर्मालिन लागले की लगेच बदलावेत. डोळ्यांत उडाले तर सलग पंधरा मिनिटे पाण्याने धुवावे लागते आणि त्यासाठी टेबलाजवळ डोळे धुण्याचा नळ हवा. एका ठिकाणी असा नळ फार छान बसवलेला होता. मे महिन्यात दुपारी मी तो सोडून पाहिला तर पाणी चटका बसेल इतके तापलेले, कारण तो गच्चीवरच्या काळ्या टाकीला जोडलेला होता. तेव्हा नळ बसला असेल तर भर दुपारी स्वतःच्या हातावर सोडून पाहा. कॅन हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या शेजारी ठेवू नयेत, आणि पूररेषेच्या आसपास असाल तर तळमजल्यावर जमिनीवरही नकोत. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर चिपळुणात एका प्रयोगशाळेत गेलो, तेव्हा चिखलात आडवे झालेले कॅन उघडे होते आणि सफाईला आलेली मुले अनवाणी होती.

हवा मोजून घ्यायची असेल तर कॉलरला लावायचे बॅज किंवा नळी वापरून नमुना घेऊन त्याची प्रयोगशाळेत तपासणी करणे, हाच विश्वासाचा मार्ग आहे. ऑनलाइन मिळणारी हातात धरायची स्वस्त यंत्रे अल्कोहोललाही फॉर्मल्डिहाइड समजतात आणि आपल्या खोलीत अल्कोहोल भरपूर असते. एक बॅज पूर्ण पाळीसाठी आणि एक फक्त ग्रॉसिंगच्या पंधरा मिनिटांसाठी, आणि दुसरा संच मावशींना बरण्या रिकाम्या करण्याच्या दिवशी लावावा. दिवसभराची सरासरी चांगली दिसते म्हणून ती पंधरा मिनिटे लपून जाऊ नयेत. पण मोजमाप होईपर्यंत काहीच करायचे नाही असे मात्र नको. डोळ्यांतून पाणी येते आहे, एवढा पुरावा काम सुरू करायला पुरे आहे.

आपल्या गरोदर सहकारी ताईंना ग्रॉसिंग, सिंक आणि बरण्यांच्या कामातून आजच बाहेर काढावे, हे माझे ठाम मत आहे. त्यांच्या संमतीने आणि पगार न कापता त्यांना मायक्रोटोमचे (नमुन्याचे पातळ काप काढण्याच्या यंत्राचे), नोंदींचे किंवा अहवालाचे काम द्यावे, आणि ते काम याच खोलीत असेल तर टेबल दुसरीकडे हलवावे. गर्भावरच्या परिणामांचा पुरावा कर्करोगाइतका स्पष्ट नाही, परंतु नऊ महिन्यांची अदलाबदल ही काही मोठी किंमत नव्हे. आपल्या खोकल्यासाठी छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन स्पायरोमेट्री ही श्वासाची चाचणी करून घ्या आणि कामाचे स्वरूप त्यांना स्पष्ट सांगा, नाहीतर ते हवामानाला दोष देतील. मी सगळ्यांना एक प्रश्न हमखास विचारतो: गणपतीला पाच-सात दिवस घरी होतात तेव्हा खोकला थांबला होता का, आणि कामावर परतल्यावर तो कितव्या दिवशी सुरू झाला? हे उत्तर तारखांसह लिहून डॉक्टरांना द्या. रक्त किंवा लघवी तपासून फॉर्मल्डिहाइड किती गेले ते सांगतो, असे कोणी म्हणाले तर तो पैसा वाचवा. शरीर ते इतक्या लवकर मोडते की त्या आकड्याचा उपयोग होत नाही.

व्यवस्थापनाला अर्ज करताना 'त्रास होतो' एवढेच न लिहिता खोलीचे माप, पंख्याची जागा, टिश्यूच्या पट्टीने दिसलेले, मावशींचे काम आणि खोका-ब्लोअरचे स्थानिक फॅब्रिकेटरचे दरपत्रक एकत्र जोडा. पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांची सही त्यावर मिळाली तर उत्तम, कारण तेही त्याच टेबलावर वाकतात. आणि हे सगळे मे संपायच्या आत हलवा. आपली इमारत जांभ्या चिऱ्याची असेल तर आठ इंची पाइपासाठी भिंतीला भोक पाडून त्याची कड गिलाव्याने बंद करावी लागते. मृग लागल्यावर कोणताही गवंडी त्या भिंतीला हात लावत नाही, आणि लावलाच तर गिलावा वाळत नाही.